लिंक नको, कारण पाठवा

गाणी पाठवण्याचा सध्या सुकाळ आहे. सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक लिंक, दुपारी कुणाच्या तरी स्टोरीला गाण्याचा तुकडा, रात्री 'हे ऐकच' एवढाच मेसेज आणि त्याखाली आणखी एक लिंक. गेल्या महिन्याभरात माझ्या फोनवर अशी किती गाणी आली हे मोजायला बसलो आणि पन्नाशी ओलांडल्यावर नाद सोडला. त्यांतल्या तीन गाण्यांसोबत ते का पाठवलंय हे सांगणारं एखादं वाक्य होतं. बाकीच्यांसोबत आगीची इमोजी, रडकी इमोजी, 'वाइब' हा एक शब्द, नाहीतर काहीच नाही.

यावर 'मग काय झालं? आवडलं म्हणून पाठवलं' असं उत्तर येतं. माझं भांडण त्या उत्तराशीच आहे. 'आवडलं' ही नुसती बातमी झाली, ते कारण नव्हे. काय आवडलं, गाण्यात नेमकं कुठे आवडलं, कशामुळे आवडलं, हे कळल्याशिवाय समोरच्यापर्यंत गाणं पोचत नाही, त्याची लिंक पोचते. ही सवय वाटते तितकी निरुपद्रवीही नाही. तिच्यात कुणाचा फायदा होतो आणि कोण मागे पडतं, हे जरा बघू या.

डिसेंबरचं प्रगतिपुस्तक

स्पॉटिफाय भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आलं. २०१६ पासून सुरू झालेलं त्यांचं 'रॅप्ड' आता आपल्याकडे वर्षअखेरीचा सणच झाला आहे. डिसेंबर उजाडायच्या सुमारास प्रत्येकाला वर्षभराचं प्रगतिपुस्तक मिळतं: इतकी मिनिटं ऐकलंत, हा तुमचा पहिल्या क्रमांकाचा गायक, हे तुमचं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं. दोन दिवस सगळ्यांच्या स्टोऱ्या त्याच त्या भडक रंगांच्या. कंपनीची जाहिरात आपण फुकटात करतो आणि वर ती अभिमानाने करतो.

पण या प्रगतिपुस्तकात असतं काय? स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. ती तीस सेकंदं तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात की भांडी घासत होतात, याची नोंद कुठेच नसते. बाळ झोपावं म्हणून एखाद्या आईने वर्षभर रोज तीच अंगाई लावली, तर डिसेंबरमध्ये तिची 'आवड' अंगाई ठरते. एखाद्याने ब्रेकअपनंतर एकच गाणं दोनशे वेळा ऐकलं, आणि दुसऱ्याने तेच गाणं जिमच्या लिस्टमध्ये होतं म्हणून दोनशे वेळा ऐकलं, तर ॲपच्या लेखी दोघेही सारखेच श्रोते. दोघांनी काय ऐकलं ते एकच. का ऐकलं याला मात्र एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या कुणालाही हा फरक लगेच कळेल. भूप आणि देसकार या दोन रागांत स्वर तेच पाच आहेत: सा रे ग प ध. स्वरांची यादी करून दिली तर दोन राग वेगळे आहेत हे ओळखताच येणार नाही. भूपात वजन गंधारावर पडतं, देसकारात धैवतावर, आणि तेवढ्याने संध्याकाळच्या रागाचा सकाळचा राग होतो. ॲप आपल्या आवडीची यादी करतं. वजन कुठे पडतंय हे त्याला दिसत नाही.

यात ॲपला शिव्या घालून उपयोग नाही. तुमच्यासारखीच गाणी ऐकणाऱ्या हजारो लोकांनी आणखी काय ऐकलं ते शोधायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं, हे त्याचं काम. ते काम ते बऱ्यापैकी करतं, आणि त्यासाठी त्याला 'का' लागतच नाही. गडबड अशी झाली की ॲपची भाषा आपण एकमेकांशी बोलताना वापरायला लागलो. 'लूपवर आहे', 'टॉप पॉइंट वन परसेंट लिसनर', 'चिल', 'सॅड', 'लेट नाइट ड्राइव्ह'. पुण्याच्या पेठेत सायकल चालवणारा मुलगाही 'लेट नाइट ड्राइव्ह'ची प्लेलिस्ट पाठवतो. ही नावं दुकानातल्या फळ्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी आहेत. दुकानदाराला त्या लागतात. मित्राला गाणं पाठवताना आपण दुकानदाराच्या चिठ्ठीवर का थांबायचं?

'संगीत शब्दांच्या पलीकडचं असतं'

कारण विचारलं की हा ठरलेला बचाव येतो. संगीत अनुभवायचं असतं, त्याबद्दल बोललं की ते मरतं, वगैरे. ऐकायला हे फार थोर वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आळसाला घातलेलं धोतर-उपरणं असतं.

मराठीत गाण्याबद्दल बोलणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची मोठी रांग आहे, आणि त्यांच्या लिहिण्याने कुठलंही गाणं मेलेलं नाही. केशवराव भोळे स्वतः संगीतकार होते, तरी टोपणनावाने आपल्या काळच्या गायकांबद्दल लिहीत राहिले. कोण कुठे श्वास तोडतो, कुणाची तान कुठे पोकळ होते, इथपर्यंत लिहीत. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहिलं आणि स्वर आणि लय यांत कोण कशाला किती तोलतं, या एका कसोटीवर घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीकडे झुकलेलं, जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. ही मांडणी अनेकांना पटली नाही आणि तिच्यावर पुढे बराच वाद झाला. वाद झाला हेच चांगलं झालं. वामनरावांनी 'मला जयपूर आवडतं' एवढंच म्हटलं असतं तर कुणी काय वाद घातला असता?

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण कुमार गंधर्वांचं आहे. त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला, त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या पहिल्या दोन शब्दांकडे बघा. बालगंधर्वांची नक्कल करणारे तेव्हा पुष्कळ होते. कुमारांनी नक्कल केली नाही. मी हे गाणं ऐकलं, मला त्यात हे सापडलं, ते असं, एवढंच त्यांनी गाऊन सांगितलं. कुणाला ते पटलं, कुणी नाकं मुरडली. पण एका श्रोत्याने आपलं ऐकणं लोकांपुढे मांडलं, त्याची जबाबदारी घेतली. आपल्याला तसं गाता येणार नाही हे उघड आहे, पण 'मला यात हे उमजलं' असं एक वाक्य लिहिता येईल.

शब्दांपलीकडच्या गोष्टीबद्दल बोलावंच लागतं अशी वेळ येते, त्याचा एक नमुना तर पृथ्वीबाहेर गेलेला आहे. १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. साऱ्या माणसांच्या वतीने पाठवायची ती प्लेलिस्ट होती. सुमारे दीड तास संगीत, एकूण २७ तुकडे, आणि निवडणारी कार्ल सेगन यांच्यासोबतची एक छोटी समिती. जागा इतकी थोडी की प्रत्येक तुकड्यासाठी दुसरा एखादा बाहेर ठेवावा लागणार. भारताच्या वाट्याला एकच तुकडा आला: गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी, 'जात कहां हो'. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने तिची शिफारस केली होती. ती तबकडी बाजारात मिळत नव्हती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात सापडली. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ला गेल्या, म्हणजे दुसरं यान उडाल्यावर जेमतेम अकरा दिवसांनी.

यात मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. या मंडळींनी गाणी पाठवली आणि गप्प बसली नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी एक अख्खं पुस्तक काढलं: काय निवडलं, का निवडलं, कशावरून भांडणं झाली. ऐकणारा कोण आहे, त्याला कान आहेत की नाही, हेही ठाऊक नसताना पाठवणाऱ्यांना कारणं द्यावीशी वाटली. आपला ऐकणारा तर चार गल्ल्या पलीकडे राहतो आणि त्याचं 'लास्ट सीन' आपल्याला दिसतं.

कारण म्हणजे कसं?

'सैराट'मधलं 'याड लागलं' घ्या. २०१६ पासून ते सगळ्यांनी ऐकलंय, त्यामुळे उदाहरणाला सोयीचं. ते पाठवताना कुणी 'गूजबम्प्स' लिहील. ठीक आहे, पण काटा का येतो?

मी असं म्हणेन: अजय-अतुल यांनी या चित्रपटाचं पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रित केलं. एवढा मोठा वाद्यवृंद सिनेमात सहसा राजेरजवाड्यांसाठी, युद्धासाठी, नाहीतर श्रीमंत घरातल्या प्रेमासाठी वाजतो. इथे तो मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका पोराच्या प्रेमासाठी वाजतो, आणि त्यावरचे शब्द त्याच्या गावच्या बोलीतले आहेत. बोलीला 'शुद्ध' करून वाद्यवृंदाच्या बरोबरीला आणलेलं नाही. ती आहे तशी आहे आणि व्हायोलिनांचा सगळा ताफा तिच्यासाठी कामाला लागलाय. गावाकडच्या पोराचं प्रेम म्हटलं की विनोद आणि ढोलकी, असा जो हिशेब मराठी सिनेमाने पुष्कळदा ठेवला होता, तो या गाण्याने मोडला. म्हणून मला ते गाणं मोठं वाटतं.

आता तुम्हाला यावर भांडता येईल. तुम्ही म्हणाल, मोठेपणासाठी व्हायोलिनच कशाला हवीत? हलगीत मोठेपणा नाही का? पोराचं प्रेम थोर आहे हे पटवायला हॉलिवूडचा शिक्का का लागावा? हा आक्षेप तगडा आहे. त्याला उत्तर द्यायचं तर मला गाणं परत ऐकावं लागेल, 'झिंगाट'चा ठेका शेजारी ठेवून बघावा लागेल. म्हणजे मी कारण दिलं म्हणून तुम्हाला उत्तर देता आलं, आणि तुमच्या उत्तराने मला त्याच गाण्याकडे परत पाठवलं. 'गूजबम्प्स'वर असं काही होत नाही. त्यावर फक्त 'सेम' म्हणता येतं.

यात राग ओळखावा लागला नाही, ताल मोजावा लागला नाही, कुठलाही अवघड शब्द लागला नाही. गाण्यातली एक जागा पकडली आणि ती तशी का आहे एवढं विचारलं.

जाणकारांचं काय करायचं?

हे वाचून काही ज्येष्ठ मंडळी खूश झाली असतील. 'बरोबर! आजच्या मुलांना ऐकताच येत नाही.' थांबा. भांडण तुमच्याशीही आहे.

'का' हा प्रश्न आपल्याकडे फार काळ काही थोड्यांच्या कपाटात कुलूपबंद होता. 'आधी कान तयार करा, मग बोला' हे वाक्य ऐकून गप्प झालेली कितीतरी मुलं आज इमोजी पाठवतात. बोललो तर चूक निघेल, घराण्याचं नाव चुकेल, कुणीतरी हसेल. त्यापेक्षा आगीची इमोजी बरी. मुलांच्या हातात इमोजी ॲपने दिली हे खरं, पण त्यांच्या तोंडचं वाक्य जाणकारांनी काढून घेतलं हेही तितकंच खरं.

जाणकाराच्या हातात सत्ता आली की काय होतं हेही आपण पाहिलेलं आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम खरं होतं, रेडिओवर कलावंतांना त्यांच्या काळात कामही मिळालं. पण सिनेसंगीत हलकं, लोकांची अभिरुची बिघडवणारं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रोत्यांच्या पत्रांचे ढीग पडायला लागले. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला 'विविध भारती' काढावी लागली.

या गोष्टीचा उपयोग बहुतेक जण जुन्या काळाचं गुणगान गायला करतात. फर्माइशी, पोस्टकार्डं, झुमरीतलैया, आकाशवाणीवरची 'आपली आवड'. मला ते करायचं नाही. त्या पोस्टकार्डांवरही बहुधा गाण्याचं नाव आणि ऐकणाऱ्या साऱ्या खानदानाची नावं असत. 'का' तिथेही नसे. फर्माइशीचं कार्ड हा आजच्या लाइकचा आजोबाच. म्हणजे कारण गिळण्याची सवय फोनने लावली नाही, फोनने ती सोपी केली. मंत्र्याने लोकांना न विचारता ठरवलं, लोकांनी कारण न देता मागितलं, आणि या दोघांमध्ये गाण्याबद्दल बोलणं राहूनच गेलं.

कारण गळलं की माणूस गळतो

आता तोट्याकडे येऊ. २०२१च्या मार्चमध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं तेव्हा तमिळचा एक शब्द न येणाऱ्यांनीही त्यावर रील्स केली. आपल्याकडच्या लग्नांतही ते वाजलं. ते लिहिणारा आणि धीसोबत गाणारा अरिवू. गाण्यामागे त्याच्या आजीची, वल्लियम्माळची गोष्ट आहे: श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली आणि परत भारतात आलेली माणसं, जमीन फुलवूनही जिच्यावर आपला हक्क कधी लागला नाही अशी जमीन. हे सगळं गाण्यात आहे, लपवलेलं नाही. पण लिंकसोबत ते फिरलं नाही. फिरला तो ठेका.

पुढे काय झालं ते बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव झाला आणि त्यावर अरिवूच नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारलं, तेव्हा गदारोळ झाला आणि मग अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ आलं. ही एका मासिकाची चूक म्हणून सोडून देता येईल. मला ती आपल्या पाठवण्याच्या रीतीचा शेवट वाटते. गाणं 'का' हे आपण हजारो वेळा गाळत गेलो, की 'कुणाचं' हेही गळायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रात हे आणखी जवळ येतं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कुठल्या मराठी घरात पोचलेला नाही? विठ्ठलाची त्यांची गाणी देवळांत वाजतात, एसटी स्टँडवर वाजतात, आषाढीला प्रत्येक ग्रुपवर येतात. त्याच आवाजाने भीमगीतंही गायली आहेत. तीही तुमच्या फोनवर एकदा तरी आलेली आहेत का? आवाज तोच, लाव तोच, दमसास तोच. तरी एक गाणं 'मराठी' म्हणून फिरतं आणि दुसरं 'त्यांच्या जयंतीचं' म्हणून एप्रिलपुरतं बाजूला ठेवलं जातं. सिन्नरकडच्या वामनदादा कर्डकांनी उभं आयुष्य गाणी लिहिण्यात आणि गावोगाव गाण्यात घालवलं, तरी 'मराठी क्लासिक्स' म्हणून पाठवल्या जाणाऱ्या याद्यांत त्यांचं नाव शोधत बसावं लागतं. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंमुळे राज्यभर पोचल्या. म्हणजे फोनची ताकद आहे. पण आपण त्या व्हिडिओखाली काय लिहितो? 'गरीब बाई, काय आवाज आहे!' गरिबी दिसते, आवाज दिसतो. ती काय गातेय आणि का गातेय, यावर वाक्य नसतं.

ज्यांना इथपर्यंत हे सगळं गाण्यांच्या गप्पांएवढंच वाटलं असेल त्यांनी २०१५च्या मे महिन्यातली शिर्डीची बातमी आठवावी. एका दलित तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला. या राज्यात एखादं गाणं चारचौघांत वाजवणं इतकं महाग पडू शकतं. म्हणूनच कित्येक मुलं-मुली होस्टेलच्या खोलीत काही गाणी फक्त इअरफोनवर ऐकतात आणि स्टोरीला दुसरंच काही लावतात. त्यांच्याकडे 'तुझं कारण सांग' असा तगादा लावण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. त्यांना कारण पुरेपूर ठाऊक आहे, ते उच्चारण्याची किंमतही ठाऊक आहे.

पण आपल्यापैकी ज्यांना अशी कुठलीही किंमत मोजावी लागत नाही, ते गप्प का? भावगीतावर, गझलेवर, कोरियन पॉपवर एक वाक्य लिहिल्याने ज्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, त्याने 'वाइब' लिहून निसटावं हे मला पटत नाही. कारणं मोकळेपणाने, सगळ्या प्रकारच्या गाण्यांबद्दल दिली-घेतली गेली, तर वामनदादांच्या गाण्याबद्दलही शब्द, चाल, ठेका, श्वास यांच्या अंगाने बोललं जाईल. आज त्याबद्दल एकतर घोषणा होते, नाहीतर शांतता.

'कंटाळा येतो यार'

हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात प्रामाणिक. दिवसभर राबून आल्यावर गाणं पाठवायला निबंध कोण लिहील?

निबंध कुणी मागितलाच नाही. मिनिट-सेकंद लिहा: 'दोन मिनिटं दहा सेकंदांना सगळी वाद्यं थांबतात, तिथे ऐक.' एवढं पुरे. किंवा कुणासाठी ते लिहा: 'तुझी आजी गेली तेव्हा तुला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, हे आत्ता सापडलं.' किंवा काय खटकलं ते: 'चाल भारी आहे, पण शब्द ऐकून वैताग येतो, तुला काय वाटतं?' लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज करा, आपापल्या बोलीत करा, अडखळत करा. गाणं तुम्हाला ज्याने दिलं त्याचं नाव घ्या. गाणाऱ्याचं नाव तर घ्याच, आणि लिहिणाऱ्याचंही.

एक हिशेबाची गोष्टही सांगतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार स्ट्रीम्स नसतील तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. ज्यांची गाणी कोटींत वाजतात त्यांना याची पर्वा नाही. नांदेडच्या एखाद्या खोलीत गाणं रेकॉर्ड करणाऱ्या पोरीला आहे. तिची नुसती लिंक आली तर आपण दहा सेकंदांत पुढे सरकतो, कारण नाव ओळखीचं नसतं आणि रेकॉर्डिंग जरा कच्चं असतं. 'पहिलं कडवं सोडून दे, दुसऱ्यात ती आईशी भांडते तिथपासून ऐक' असं कुणी सांगितलं तर आपण तिथपर्यंत जातो.

आणि गाणं पाठवणाऱ्याइतकीच जबाबदारी ते घेणाऱ्याची आहे. कुणी नुसती लिंक पाठवली तर निळी टिक करून विसरू नका. 'यात तुला काय सापडलं?' असं विचारा. खोचकपणे नको, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारा. पहिल्यांदा समोरचा 'अरे असंच' म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. बहुतेकांना सांगायचं असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

येत्या डिसेंबरमध्ये पुन्हा प्रगतिपुस्तकं येतील. टाका स्टोरीला, हौस भागवा. पण त्या पाच गाण्यांपैकी एक निवडा आणि ते तुम्ही इतक्या वेळा का ऐकलंत ते खाली दोन ओळींत लिहा. ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाही, त्या कंपनीला तर नाहीच.